वेठ कुणी उठवली?

शहापूर-मुरबाडच्या प्रचारसभांत एक दावा हमखास ऐकू येतो: आदिवासींची वेठ आमच्या पक्षाने उठवली. काँग्रेसवाले बाळासाहेब खेरांचे नाव घेतात, लाल बावटेवाले परुळेकर दांपत्याचे. मी नुसत्या तारखा लावून पाहिल्या.

खेर 1937 साली मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले. त्यांच्याच सरकारने सिमिंग्टन या अधिकाऱ्याला चौकशीस नेमले. 1939 च्या अहवालात वेठीचे, लग्नाच्या कर्जापायी जन्मभर राबणाऱ्या गड्यांचे वर्णन आहे. चौकशी होती ‘अंशतः वर्जित’ क्षेत्रांपुरती. ठाणे जिल्ह्यातले डहाणू, शहापूर, मोखाडा, उंबरगाव तेवढे त्यात. शेजारचा मुरबाड यादीतच नाही! त्याच वर्षी मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. 1940 साली खेरांनी आदिवासी सेवा मंडळ काढले. ते काम मोलाचे, पण जमीनदाराच्या दारची वेठ त्याने सुटली नाही.

तिला खरा हादरा बसला 1945 साली. जानेवारीत टिटवाळ्याची किसान परिषद, मे महिन्यात झरीची सभा, ऑक्टोबरात तलवाड्याचा गोळीबार. पुढच्याच वर्षी, पुन्हा सत्तेवर आलेल्या खेर सरकारने किसान सभेच्या कार्यकर्त्यांना जिल्ह्यातून हद्दपार केले. खेरांचे गोडवे गाणारे हे सांगत नाहीत.

मात्र तो लढा मुख्यतः उंबरगाव-डहाणूतला. तो सरसकट साऱ्या जिल्ह्याच्या नावे मांडणे मला पटत नाही. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा 1976 चा, आणि 1980 च्या दशकातही वसईत श्रमजीवी संघटना वेठबिगार सोडवत होती. वेठ 1945 सालीच जिल्ह्यातून गेली असती, तर तिने सोडवले कुणाला?