बिडीचा मालक कोण?

१३ जून १९५० रोजी सागरच्या डेप्युटी कमिशनरांनी हुकूम काढला की ठरावीक गावांतल्या कोणीही बिड्या वळायच्या नाहीत. हुकुमाला आधार होता मध्य प्रांत व वऱ्हाडच्या १९४८ च्या कायद्याचा. शेतीच्या हंगामात मजूर शेतावर यावेत म्हणून त्यांच्या हातातले दुसरे काम काढून घ्यायचे, असा त्याचा उघड हेतू. भंडारा जिल्हा त्या वेळी याच प्रांतात होता, आणि बिडीची मोठी पेठ असलेले गोंदिया १ मे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होते. कायदा एक, धंद्याची रीतही एक. म्हणून भंडाऱ्यातल्या बिडीकामगाराचे जिणे समजून घेताना मी सागर आणि नागपूरच्या खटल्यांचे कागद पुढे ओढतो.

हुकुमाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दोन अर्ज गेले. एक कारखानदार चिंतामणराव यांचा, दुसरा बिडीवर पोट असलेल्या एका मजुराचा. ८ नोव्हेंबर १९५० ला न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांनी ही बंदी घटनाबाह्य ठरवली. म्हातारी माणसे, बायका, मुले, अपंग यांना शेतातले काम झेपत नाही. त्यांच्याही पोटावर पाय देणारी बंदी वाजवी कशी, हा निकालाचा गाभा. निकाल उभा आहे तो धंद्याच्या स्वातंत्र्यावर, कलम १९ वर. मला तो वाचताना वेठबिगारीला मनाई करणारे कलम २३ आठवत राहते. दुसरे काम बंद करून माणसाला शेतावर ढकलणे आणि वेठ यांत अंतर फार थोडे आहे, आणि इथे ढकलणारे खुद्द सरकार होते.

सक्तीची दुसरी वाट उचलीची. कामगार पुढारी ना. म. जोशी ज्याचे सदस्य होते त्या कामगारविषयक व्हिटली आयोगाच्या १९३१ च्या अहवालात बिडीच्या कारखान्यांत दहा-बारा तास बसणारी अगदी लहान मुले भेटतात, आणि आईबापांनी उचल घेऊन मुलांचे श्रम गहाण टाकल्याच्या नोंदीही. त्यातून १९३३ चा कायदा आला. असा करार रद्दबातल. आईबापांना दंड ५० रुपयांपर्यंत, करार करणाऱ्या मालकाला २०० पर्यंत. १९३७ मध्ये प्रांताने बिडी, लाख आणि कातडी कमावण्याच्या कारखान्यांसाठी कायदा केला, पण तो ५० किंवा त्याहून जास्त माणसे असतील तिथेच लागू. मालकांनी कारखान्यांचे तुकडे पाडले. माणसे पन्नासाच्या आत आणली की कायदा दाराबाहेर.

तुकडे पाडण्याची पुढची पायरी म्हणजे सट्टेदार. सट्टेदार कारखान्यातून तंबाखू उचलतो, कधी बिडीची पानेही. घरी वळतो, किंवा गावातल्या बायकामुलांकडून वळून घेतो, आणि तयार माल कारखान्यात आणून देतो. तंबाखूची किंमत कापून उरलेले पैसे त्याला मिळतात. त्यातून तो वळणारीला देतो. सागरच्या एका कारखान्यात तपासणीच्या वेळी असे काही सट्टेदार आवारात सापडले. त्यांची नावे कामगारांच्या नोंदवहीत नव्हती, म्हणून खटला झाला. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की सट्टेदार हा स्वतंत्र कंत्राटदार आहे, कामगार नव्हे. कायद्याच्या चौकटीत निकाल चुकीचा म्हणता येणार नाही. पण त्या वेळी सट्टेदाराच्या पाठीमागे ओसरीवर सूप मांडीवर घेऊन बसलेली बाई कोणत्याच नोंदवहीत नव्हती. कारखानदार म्हणणार, ती सट्टेदाराची. सट्टेदार म्हणणार, मी कुठला मालक, मी तर पोचवणारा.

दोन वर्षांनी नागपूरच्या तीन बिडीमजुरांचे प्रकरण आले. मागणी पंधरा दिवसांच्या रजेच्या पगाराची, इतकीच. मालकाचे म्हणणे, हे नगावर काम करतात, वाटेल तेव्हा येतात, मग कामगार कसले? न्यायालयाने कारखान्यातली रीत पाहिली. काम कारखान्यातच बसून करायचे, हजेरी लागायची, दुपार उलटल्यावर आलेल्याला त्या दिवशी काम नाही, आणि पसंत न पडलेला माल मालक नाकारणार. ९ डिसेंबर १९६० ला ते कामगार ठरले. म्हणजे कारखान्याच्या छपराखाली बसलेल्याला रजा मिळाली. घरी बसलेलीला काहीच नाही.

हे छप्पर काढून टाकले ते १९६६ च्या बिडी आणि सिगार कामगार कायद्याने. त्यातली मालकाची व्याख्या मी पुन्हापुन्हा वाचली आहे. कंत्राटी मजुरांच्या बाबतीत मालक म्हणजे ज्याच्यासाठी मजूर लावले तो मुख्य मालक. इतरांच्या बाबतीत ज्याचा कारभारावर अंतिम ताबा आहे तो, आणि पैसे आगाऊ देऊन किंवा माल पुरवून त्या ताब्यात ज्याचा मोठा वाटा आहे, तोही मालक. मजुरांच्या संख्येची अट नव्हती. घरखात्यावर, म्हणजे घरी बसून वळणारीही कामगार. कारखानदार या कायद्याविरुद्ध भांडले, आणि ३१ जानेवारी १९७४ ला मंगलोर गणेश बिडी वर्क्सच्या खटल्यात न्यायालयाने कायदा उचलून धरला.

संख्येची अट नसणे ही मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने मूळ उंबरठा २० मजुरांचा ठेवला. ब्रिटनच्या २०१५ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्यात वार्षिक निवेदनाची सक्ती ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून जास्त उलाढालीलाच आहे. सफाई, पहारा, हमाली ठेक्याने पुरवणाऱ्या किंवा ठेक्याने घेणाऱ्या लहान कंपन्या अशा उंबरठ्यांखालून सहज निसटतात. ठेकेदाराचे बिल नुसते एकूण रकमेचे असते; माणसे किती, मजुरी किती, उचल किती कापली, हे त्यात दिसत नाही. त्या कंपनीचा मालक वाईटच असतो असे नाही. तो विचारत नाही, कारण त्याने विचारावे असे कोणी म्हटलेले नाही.

बिडीत मजुरी किती आणि कापली किती हा प्रश्न 'छाट' या एका शब्दात सापडतो. छाट म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेली बिडी. ती वळणारीचे श्रम खर्च झालेले, मजुरी मात्र नाही; छाट वाढली की हाती पडणारे पैसे किमान मजुरीखालीही जाऊ शकतात. किमान मजुरीपेक्षा कमी पैशांत काम करून घेणे म्हणजे कलम २३ मधली सक्तीची मजुरी, असे १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितले. त्याच्याही आधी, १९६६ च्या कायद्याखालच्या महाराष्ट्राच्या नियमांनी छाटेला सर्वसाधारणपणे शेकडा पाचाची मर्यादा घातली होती. शंभरातल्या किती बिड्या टाकाऊ, हे ठरवण्याचा मुकादमाचा हात तिथे कागदावर धरला गेला.