मातीतून मॅटवर: पायाखालची जमीन बदलते तेव्हा

(माणिकपूर, वसई येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

आजचा विषय कुस्तीचा आहे, पण सुरुवात आम्ही मॉलमधून करणार आहोत. आपल्याकडची मुलं सुट्टीत मुंबईला जाऊन बोलिंग खेळतात. भाड्याचे बूट घालायचे, जड चेंडू उचलायचा आणि ६० फुटांवरच्या पिना पाडायच्या. ज्या पट्टीवरून चेंडू जातो ती दिसते लाकडी, पण आता बहुतेक ठिकाणी ती लाकडाची नसतेच. लाकडाचं चित्र असलेला कृत्रिम थर असतो तो. पूर्वी ती खरोखर मेपल आणि पाइनच्या फळ्यांची असायची.

यात एवढं काय, असं वाटेल. पण बघा, त्या पट्टीवर तेल लावतात. लाकूड ते तेल थोडं पिऊन घेतं. चेंडू जाऊन जाऊन त्यावर वाट पडते, मग कधीतरी सगळं तासून पुन्हा पॉलिश करावं लागतं. त्यामुळे प्रत्येक पट्टीचा स्वभाव वेगळा. कृत्रिम पट्टी तेल पीत नाही आणि झिजतेही कमी. चेंडू ते तेल पुढे ओढत नेतो. म्हणजे खेळाडूचा हात तोच, पण चेंडू वळणार वेगळ्याच जागी. वर्षानुवर्षं कमावलेला अंदाज पुन्हा पहिल्यापासून बसवायचा.

हेच आपल्या कुस्तीत घडलं. आणि तिथे प्रश्न नुसत्या अंदाजाचा नव्हता, पोटापाण्याचाही होता.

तालमीतला हौद डोळ्यांसमोर आणा. लाल माती, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर. पहाटे ती उकरायची, तोच पहिला व्यायाम. या मातीत पाय रुततो. घामाने अंग निसरडं झालं की मल्ल समोरच्याच्या अंगावर माती टाकतो, म्हणजे पकड बसते. जुन्या मातीतल्या कुस्तीत गुण नव्हते. पाठ टेकवली, चीतपट केलं, की निकाल. तोवर झुंजत राहायचं. म्हणून ताकद, दम आणि सबुरी ही मातीतल्या मल्लाची भांडवलं.

मॅटवर, म्हणजे ज्याला आपण गादी म्हणतो तिच्यावर, पाय रुतत नाही. पायात बूट असतात, ९ मीटर व्यासाचं वर्तुळ असतं, आणि आज ३-३ मिनिटांचे दोन डाव असतात. वर्तुळाबाहेर ढकललं तरी गुण जातो. खाली वाकून, झपकन पट काढणारा इथे पुढे. दम लागतोच, पण सबुरीला वेळ कुठे आहे?

एक उदाहरण सांगतो. १९१० साली लंडनमध्ये गामा पैलवान आणि पोलंडचा झिबिस्को यांची कुस्ती मॅटवर झाली. झिबिस्को पालथा पडून मॅटला चिकटून राहिला. अडीच तासांहून जास्त वेळ गेला, निकाल लागला नाही. पुढे १९२८ साली पतियाळ्यात तेच दोघे मातीत उतरले, आणि गामाने एका मिनिटाच्या आत त्याला पाडलं. मधे १८ वर्षं गेली होती, दोघेही पन्नाशीला टेकले होते. सगळं श्रेय मातीला देता येणार नाही. पण माती गामाच्या घरची होती, हेही विसरता येणार नाही.

आता आपल्या खाशाबा जाधवांकडे येऊ. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा, मातीत वाढलेला. १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेला तेव्हा मॅट त्याला नवखी होती, आंतरराष्ट्रीय नियमही नवखे. तरीही सहावा आला. आम्हांला पुढची चार वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. ढाक डावात तो तरबेज होताच. आता तेच अंग त्याने दुसऱ्या जमिनीला सरावायला लावलं. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. खाशाबांनी ५७ किलो वजनगटात ब्राँझपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच स्पर्धेत आपले के. डी. माणगावे चौथे आले.

म्हणजे काय, तर मातीतला मल्ल मॅटवर जिंकू शकत नाही, हे खरं नाही. त्याला सरावासाठी वेळ हवा, आणि त्या वेळेचा खर्च कुणीतरी उचलायला हवा. खाशाबांसाठी तो गावाने आणि एका शिक्षकाने उचलला.

महाराष्ट्र केसरी ही स्पर्धा १९६१ पासून चालू आहे. तिच्यात माती आणि गादी असे दोन विभाग असतात, दोन्हींचे विजेते शेवटी एकमेकांशी लढतात. ती लढत गादीवर होते. मातीतून आलेल्याला किताबासाठी जमीन बदलावी लागते, गादीवाल्याला नाही. यावर गावोगावच्या तालमींत आजही वाद रंगतात.

तालमीतल्या पोराचा पेच आता लक्षात येईल. जत्रेच्या मैदानात इनाम मातीवर मिळतं, त्यावर खुराक चालतो. नोकरीचा क्रीडा कोटा आणि ऑलिंपिकची वाट मात्र मॅटवरून जाते. एकाच अंगाने दोन धंदे करायचे. मॅट महाग, तिला छप्पर लागतं. हौदाला चार भिंती आणि माणसं पुरतात.

आपल्याकडच्या कबड्डीतही हेच आहे. पोरं मातीत खेळून मोठी होतात आणि टीव्हीवरची लीग २०१४ पासून मॅटवर चालते. माती टिकवा की मॅट आणा, यावर भांडण्यात अर्थ नाही असं आम्हांला वाटतं. मॅट टाळता येणार नाही. पण मातीतून मॅटवर जाणाऱ्या पोराचा मधल्या दोन-चार वर्षांचा खर्च कोण करणार, हा प्रश्न १९५२ साली होता आणि आजही आहे. दर वेळी कुणा खर्डेकरांनी घर गहाण ठेवावं, अशी अपेक्षा आपण धरू शकत नाही.

थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.