एकवाक्यतेच्या अटी

लोहचुंबकांतील प्रत्येक अणु म्हणजे एक चिमुकली चुंबकसुईच होय. लोखंड फार तापलें असतां या सुया वाटेल तिकडे तोंड करून असतात. सर्व दिशा त्यांना सारख्याच. तेंच लोखंड सुमारें ७७० अंश सेंटिग्रेडच्या खालीं निवालें, कीं शेजारशेजारच्या सुया एकाच दिशेकडे पाहूं लागतात. ही दिशा निसर्गनियमांनीं नेमून दिलेली नसते. ती सुयांच्या आपसांतील एकवाक्यतेनें ठरते. दिशांची समता अशी आपोआप मोडते, म्हणून या घटनेस स्वयंस्फूर्त सममितिभंग असें नांव आहे.

या एकवाक्यतेचें मूळ हायझेनबर्ग यांनीं १९२८ सालीं क्वांटम सिद्धान्तांत दाखविलें. अणूंची नुसती एक ओळ किंवा एकच थर असेल, तर ती टिकेल काय? १९३० सालीं फेलिक्स ब्लॉख यांच्या गणितानें याचें उत्तर नकारार्थी दिलें. उष्णतेनें सुयांच्या रांगांतून लाटा उठतात, आणि लाट जितकी लांब, तितकी ती उठण्यास शक्ति कमी लागते. तीन मितींच्या पदार्थांत या लाटांचा उपद्रव मर्यादित राहतो. ओळींत वा थरांत तो विस्ताराबरोबर वाढतच जातो. १९६६ सालीं मर्मिन व वाग्नर यांनीं या निषेधास काटेकोर सिद्धतेचें बळ दिलें.

परंतु निषेध कितीहि कडक असो, त्याची सत्ता त्याच्या अटींपलीकडे चालत नाहीं. पहिली अट उष्णतेची. सापेक्षतावाद पाळणाऱ्या क्षेत्रांत अवकाशाची एकच मिति असेल, तर उष्णता मुळींच नसतांहि अशी अखंड समता मोडत नाहीं, असें सिडनी कोलमन यांनीं १९७३ सालीं सिद्ध केलें. लोहचुंबकाची ओळ मात्र त्या वादाच्या कक्षेबाहेरची आहे. तिचें एकूण चुंबकत्व अक्षय असल्यामुळें केवल शून्य तपमानास क्वांटम चलबिचल तिला विस्कळित करूं शकत नाहीं.

दुसरी अट दिशांच्या पूर्ण समतेची. क्रोमियम व आयोडीन यांच्या संयुगांत एका दिशेला मुळांतच झुकतें माप असतें. म्हणून त्याचा एकच थर सुमारें ४५ केल्विनच्या खालीं चुंबक होतो, हें २०१७ सालीं आढळलें.

शिवाय एकवाक्यता नाहीं, म्हणून सुव्यवस्थाच नाहीं असें नव्हे. बेरेझिन्स्की, कॉस्टरलिट्झ व थाउलेस यांनीं १९७० नंतरच्या कांहीं वर्षांत पातळ थरांतील भोंवऱ्यांच्या जोड्यांची उपपत्ति मांडली. बिशप व रेप्पी यांनीं १९७८ सालीं हेलियमच्या पातळ थरांतील घर्षणरहित प्रवाहाचें मापन करून तिला पुष्टि दिली.

ब्लॉख यांचें गणित यांपैकीं कोणत्याहि शोधानें खोटें ठरलें नाहीं. ज्यांनीं तें त्याच्या अटींसह वाचलें, त्यांनाच त्याच्या सीमेवर नवीन पदार्थ सांपडले.