नोटीस लागली, पण वाचली कुणी?

मंडळी, ‘पारदर्शक कारभार’ म्हटलं की आपण सगळे थेट माहितीच्या अधिकारावर उडी मारतो. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचं तर विचारूच नका. एक वेबसाइट काढा, सगळे कागद स्कॅन करून टाका, झाली पारदर्शकता! पण गेले काही शनिवार-रविवार मी न्हावा शेवा आणि नवी मुंबईच्या भूसंपादनाबद्दल वाचतोय. त्यातून एवढं कळलं की कागद खुला असणं वेगळं आणि तो वेळेत माणसापर्यंत पोचणं वेगळं. या दोन्हींच्या मधल्या अंतरात तिकडच्या दोन पिढ्या गेल्या.

आज न्हावा शेवा म्हणजे कंटेनर, ट्रेलर आणि ट्रॅफिक जाम. मुळात ही दोन गावं, एक पनवेल तालुक्यातलं न्हावा आणि एक उरण तालुक्यातलं शेवा. भातशेती, मिठागरं आणि खाडीतली मासेमारी यांवर जगणारा हा सगळा पट्टा.

आता थोडा कायदा (कंटाळू नका, गंमत पुढेच आहे). इंग्रजांनी १८९४ साली भूसंपादन कायदा केला. त्याच्या कलम ४ प्रमाणे सरकारने राजपत्रात अधिसूचना काढायची आणि त्या भागात सोयीच्या ठिकाणी जाहीर नोटीस लावायची. शेतकऱ्याला हरकत घ्यायची सोय मूळ कायद्यात नव्हतीच, ती १९२३ साली आली. आणि त्याच १९२३ साली सरकारी गुपितांचा कायदाही आला! म्हणजे एका हाताने सरकार म्हणतंय, हरकत असेल तर सांगा, आणि दुसऱ्या हाताने फाइल कपाटात घालून कुलूप लावतंय.

पण खरी मेख दराची होती. भरपाई ठरायची ती कलम ४ ची अधिसूचना निघाली त्या दिवशीच्या बाजारभावाने. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळा हिशोब त्या एका तारखेला गोठवलेला. नवी मुंबईसाठी ही तारीख होती फेब्रुवारी १९७०ची. पाठोपाठ मार्चमध्ये सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण भागातली ९५ गावं या प्रकल्पात आली. त्या अधिसूचनेत आलेल्या बऱ्याच जमिनींचे निवाडे मात्र १९८०च्या दशकात झाले. बाजूला शहर उभं राहतंय, जमिनीचे भाव चढताहेत, आणि शेतकऱ्याच्या कागदावरचं घड्याळ मात्र १९७० सालीच बंद पडलेलं. यात बेकायदा काहीच नव्हतं. राजपत्र तर खुलंच होतं की! पण भात लावणारा माणूस राजपत्र वाचतो का हो?

त्या रागाचा स्फोट जानेवारी १९८४ मध्ये झाला. शेकापचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारीला जासई-नवघर परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मारले गेले. त्यांचा स्मृतिदिन तिकडे आजही पाळला जातो.

योगायोग बघा, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये देशाचा भूसंपादन कायदा बदलला. हा बदल जासईमुळे झाला असं मी म्हणत नाही, तो साऱ्या देशासाठी होता. पण त्यात काय आलं ते बघण्यासारखं आहे. अधिसूचना दोन दैनिकांत छापायची आणि त्यातलं किमान एक स्थानिक भाषेतलं हवं. शिवाय घोषणेपासून दोन वर्षांत निवाडा द्यायचा, नाहीतर सगळी कारवाई रद्द. म्हणजे पारदर्शकतेला पहिल्यांदा भाषा आणि मुदत जोडली गेली. नव्वद वर्षं लागली एवढ्या साध्या गोष्टीला!

पुढे १९९० आणि १९९४च्या शासन निर्णयांतून साडेबारा टक्के योजना आली. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायचा (सामाजिक सुविधांची वजावट जाऊन प्रत्यक्षात हाती पावणेनऊच!). बंदर सुरू झालं मे १९८९ मध्ये. पण बंदरासाठी जमिनी दिलेल्यांना साडेबारा टक्क्यांची इरादापत्रं वाटायला सुरुवात झाली ती ऑगस्ट २०१४ मध्ये, पंतप्रधानांच्या हस्ते. पंचवीस वर्षं!

एवढा उशीर झाला तर जाब कुणाला विचारायचा? बंदर केंद्र सरकारचं. सिडको राज्य सरकारची असली तरी कायद्याने एक कंपनी, तिथे नगरसेवक नाहीत. नवी मुंबई महानगरपालिका १९९२ साली आली, पण उरणची गावं तिच्या हद्दीत नाहीत. गावकरी मत देतात ते ग्रामपंचायतीला, आणि ग्रामपंचायतीच्या हातात बंदराचा एक खिळासुद्धा नाही.

म्हणूनच २००५चा माहिती अधिकार मला इथे महत्त्वाचा वाटतो. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा त्याआधीच, २००२ पासून होता. आपल्याला दहा रुपयांचा अर्ज आणि तीस दिवस एवढं ठाऊक असतं. पण कलम ४ कुणी वाचत नाही. (इथेही कलम ४च!) त्यात म्हटलंय की लोकांवर परिणाम करणारं धोरण ठरवताना त्यामागची सगळी तथ्यं सरकारने आपणहून प्रसिद्ध करावीत. आपणहून, अर्जाची वाट न बघता.

आणि प्रत्यक्षात काय होतं? २१ सप्टेंबर २००८ला शेजारच्या पेण तालुक्यातल्या २२ गावांत मुंबई सेझला जमीन द्यायची की नाही यावर खुद्द सरकारने मतदान घेतलं. केवढी मोठी गोष्ट! पण निकाल काही सरकारने जाहीर केला नाही. संपादन मुदतीत झालं नाही आणि प्रकल्प बारगळला, ही गोष्ट वेगळी. मुदत कामाला आली ती अशी.

एक गट मात्र या सगळ्या कागदांच्या बाहेरच राहिला, तो म्हणजे कोळी बांधव. जमिनीचा सातबारा निघतो, खाडीचा निघत नाही. ज्याची नोंदच नाही त्याला नोटीस कुठून येणार? भरावामुळे जाळी टाकायच्या जागा गेल्या, तेव्हा हे मच्छीमार स्वतःच राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले. लवादाने फेब्रुवारी २०१५ मध्ये १६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई द्यायचा आदेश दिला. पुढे अपिलं झाली. पण ‘तुमचं काही गेलंच नाही’ हे म्हणणं तिथे टिकलं नाही.

तेव्हा एखादा अधिकारी ‘आमच्याकडे सगळं खुलं आहे’ म्हणाला, तर माझ्या मते तीनच प्रश्न विचारावेत. कुणाच्या भाषेत आहे? निर्णयाच्या आधी दिलंय की नंतर? आणि ज्याचं नाव तुमच्या वहीत नाही, त्याला कोण सांगणार?

उत्तरं मिळाली तर मलाही कळवा.