म्हाताऱ्या घोड्याचा खूर

अमरावतीहून परतवाड्याकडे जाणारी सडक वलगावजवळ पेढी नदी ओलांडते. २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी याच ठिकाणी देह ठेवला, म्हणून वलगावचे नाव महाराष्ट्रभर ठाऊक आहे. आम्हाला ही सडक आठवते ती मात्र घोड्यांमुळे. मूर्तिजापूर ते अचलपूर ही अरुंद रुळांची आगगाडी १९१० च्या दशकात सुरू झाली. त्याआधी अमरावती आणि अचलपूर यांच्यामधली सगळी ये-जा सडकेनेच होई. माल बैलगाडीने आणि घाईचा माणूस टांग्याने. मोटारी आल्यावरही अनेक वर्षे टांगे टिकून होते. वऱ्हाडच्या शेतीत मात्र घोड्याला काम नव्हते. काळ्या जमिनीतला सगळा भार बैलांवर. त्यामुळे बैलाच्या दुखण्यावर गावात चार जाणते सापडत; घोड्याच्या पायाचे दुखणे टांगेवाला आणि नालबंद या दोघांतच राही.

अशा टांग्याचा पंधरा-अठरा वर्षांचा घोडा एक दिवस पाय उचलेनासा होतो. पुढचे दोन्ही पाय समोर ताणून, भार मागच्या पायांवर टाकून उभा राहतो. वळायला सांगितले की कण्हत वळतो. खुराला हात लावला तर गरम लागतो. नालबंद नाल काढतो, खूर तासतो, नवी नाल ठोकतो. चार दिवस बरे, मग पुन्हा तेच. घोडा खंगला असे वाटून मालक मायेने त्याची चंदी वाढवतो, वर गुळाचा खडा देतो. या मायेनेच दुखणे वाढण्याचा संभव असतो. पायाच्या दुखण्याचे मूळ दावणीत असू शकते हे माणसाला फार पूर्वी जाणवले होते. पण ते सिद्ध व्हायला एकविसावे शतक उजाडावे लागले. ती हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत.

आधी खुराची रचना पाहू. घोडा चालतो तो एकेका बोटाच्या टोकावर, म्हणजे जवळजवळ नखावरच. खुराच्या आत पायाचे शेवटचे हाड असते. ते तळव्यावर टेकलेले असते असा आपला समज होतो, पण खरे तर ते खुराच्या भिंतीला आतून टांगलेले असते. भूछत्राच्या खालच्या बाजूला जसे पापुद्रे दिसतात तसे साडेपाचशे ते सहाशे पापुद्रे भिंतीच्या आतल्या अंगाला असतात. प्रत्येकावर आणखी शंभराहून अधिक बारीक पापुद्रे असतात, आणि ते हाडाकडच्या तशाच पापुद्र्यांत गुंतलेले असतात. चारशे किलोंचे जनावर या गुंत्यावर तोललेले आहे. गुंता सैल झाला की हाड खाली सरकते किंवा त्याचे टोक तळव्याकडे झुकते, आणि प्रत्येक पाऊल म्हणजे उखडलेल्या नखावर उभे राहणे होते. या विकाराला लॅमिनायटिस म्हणतात.

ग्रीक लोकांना हा विकार परिचित असावा. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात झेनोफनने घोडेस्वारीवर एक छोटे पुस्तक लिहिले. घोडा दाणा टाकू लागला तर सावध व्हा, असे तो सांगतो; आणि त्याच्या कारणांत सातूच्या अतिरेकाने होणाऱ्या विकाराचे नाव घेतो. आजार सुरुवातीलाच आवरणे सोपे, मुरल्यावर कठीण, हेही त्याने तेथेच लिहिले आहे. तबेल्याची जमीन ओली आणि गुळगुळीत नको, खूर कणखर होण्यासाठी घोड्याला गोट्यांवर उभे करा, असा त्याचा सल्ला होता. त्याच शतकातल्या ॲरिस्टॉटलचे निरीक्षण याहून चमत्कारिक आहे. कुरणात चरणाऱ्या घोड्यांना पायाचा एक विकार सोडला तर दुसरा रोग होत नाही, आणि त्या विकारात कधी खूरच गळून पडतो, असे तो म्हणतो. तबेल्यात दाण्याने आणि कुरणात कशाने? हा प्रश्न त्याने विचारला नाही. उत्तर मिळायला पुढे सुमारे तेवीसशे वर्षे लागली.

आपल्याकडे अश्ववैद्यकाची परंपरा शालिहोत्राच्या नावाने चालते. नकुलाच्या नावावरचा ग्रंथ आणि जयदत्ताचे ‘अश्ववैद्यक’ हे तिचे प्रसिद्ध ग्रंथ. शालिहोत्रावरूनच ‘सालोत्री’ हा शब्द आला. घोड्यांच्या वैद्यासाठी तो इतका रूढ झाला की इंग्रज साहेबांच्या तोंडीही बसला, आणि १७८८ मध्ये कलकत्त्यास जोसेफ अर्ल्स याने ‘सालोतर’ या नावाच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर छापले. खुराक हा या परंपरेचा मोठा विषय होता. पण खुराक म्हणजे बळ, ही समजूत राजदरबारात अधिक पक्की होती. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त बादशाही घोड्यांच्या रतिबात साखर आणि तूप यांची नोंद आहे, आणि नालबंदीच्या खर्चाचीही. दोन्ही नोंदी जवळपास आहेत. त्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल हे मात्र कोणाच्या ध्यानी आलेले दिसत नाही.

मापाची जाण मराठी कागदांत वेगळ्या कारणाने आढळते. चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदारांना शिवाजी महाराजांनी १६७० च्या दशकात लिहिलेले पत्र इतिहासाच्या शिक्षकांना माहीत आहेच. रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नये असे बजावणारे पत्र म्हणून आपण ते शिकवतो. पण त्या पत्राचा पाया पागेचा हिशोब आहे. आज हाताशी आहे म्हणून दाणा-वैरण मनास येईल तशी उधळाल, तर भर पावसाळ्यात काही उरणार नाही आणि घोडी उपाशी मरतील. म्हणून रोजचे माप ठरवून द्या, असा त्याचा आशय. हेतू काटकसरीचा होता, वैद्यकाचा नव्हता. तरी ज्या पागेत माप रोज एका हाताने पडे, तिथल्या घोड्याला अवचित पोटभर दाणा मिळण्याचा धोकाही कमी असणार, असे आम्हाला वाटते.

१८८६ मध्ये मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. शास्त्रशुद्ध शिक्षण आले, पण एक फाटाही पडला. डॉक्टर शिकला तो ग्रंथ वाचून आणि शवविच्छेदन करून, नालबंद शिकला तो बापाच्या हाताखाली. एकाने औषध द्यायचे, दुसऱ्याने खूर तासायचा. वलगावसारख्या गावात पहिला पोचणे कठीणच, म्हणून सगळा भार दुसऱ्यावर. नालबंदाला कमी लेखण्याचे कारण नाही. त्याने टोकाकडचा वाढलेला खूर कमी केला की सैल झालेल्या पापुद्र्यांवरचा ताण खरोखरच हलका होतो. पण रक्तात काय चालले आहे ते त्याला कसे दिसावे?

ते दिसले २००७ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये. केटी ॲस्प्लिन, मार्टिन सिलन्स, ख्रिस पॉलिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी तट्टांच्या रक्तात इन्सुलिन सतत सोडले. साखर मात्र बरोबरीने देऊन नेहमीच्या पातळीवर ठेवली. बहात्तर तासांच्या आत त्या सर्व तट्टांच्या चारही पायांत लॅमिनायटिस झाला. ज्यांना इन्सुलिन दिले नव्हते ती ठीक राहिली. दाण्याची नासाडी नाही, दगडी सडक नाही, ओझे नाही. केवळ इन्सुलिन वाढले आणि पाय गेले. ॲरिस्टॉटलच्या कोड्याचा बराच उलगडा येथे होतो. सातूच्या पिष्टाने जे होते ते कोवळ्या गवतातल्या साखरेनेही होऊ शकते. एकदम पुष्कळ दाणा खाल्ल्यावर आतड्यात बिघाड होऊन येणारा लॅमिनायटिस वेगळा, तोही खराच आहे.

म्हातारपणाचा संबंध इथे येतो. वय वाढल्यावर अनेक घोड्यांच्या मेंदूत डोपामीन तयार करणाऱ्या काही पेशी झिजतात. त्यांचा लगाम सुटला की पियुषिका ग्रंथीचा मधला भाग नको तितकी संप्रेरके सोडू लागतो. ऑस्ट्रेलियातल्या एका पाहणीत पंधरा वर्षांवरच्या घोड्यांपैकी सुमारे एकपंचमांश घोड्यांत हा विकार आढळला. यातल्या पुष्कळांचे इन्सुलिन चढलेले राहते. पाठीचे मांस झडते, घोडा पाणी फार पितो, आणि हिवाळ्यात आलेली लव उन्हाळ्यातही झडत नाही. वऱ्हाडातल्या चैत्राच्या उन्हात एखादा घोडा अस्वलासारखा केसाळ दिसला, तर ते थोराडपण नव्हे. त्याचे रक्त तपासायला हवे. मालकाला दिसते ती हाडे आणि झडलेले मांस, म्हणून तो चंदी वाढवतो. भूक आणि आजार यांचे रूप इतके सारखे असते.

आज उपाय दोन्ही टोकांनी करतात. चंदी, गूळ, कोंडा बंद. वाळले गवत तासभर पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून द्यायचे. त्यातली बरीच साखर निघून जाते. घोड्याला चालवायचे नाही. ‘चालवला की मोकळा होतो’ हा जुना सल्ला इथे घातक आहे, कारण सैल पापुद्रे चालण्याने आणखी फाटतात. खाली वाळूचा किंवा भुशाचा जाड थर हवा. अगदी सुरुवात असेल तर बर्फाच्या पाण्यात पाय दोन-तीन दिवस सतत बुडवून ठेवल्याचा उपयोग होतो. नदीच्या पाण्यात तासभर उभे केल्याने आराम पडेल, तेवढे संरक्षण मिळणार नाही. पियुषिकेच्या विकारावर डॉक्टर पर्गोलाइड देतात. ते जन्मभर द्यावे लागते, आणि टांगेवाल्याला ते परवडले असते का, हा प्रश्न उरतोच. वेदनाशामकांबाबत आणखी एक गोष्ट. म्हाताऱ्या घोड्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला ती जपून द्यावी लागतात. शिवाय डायक्लोफेनॅक दिलेले जनावर मेल्यावर ते खाणारी गिधाडे मरतात. म्हणूनच भारतात जनावरांसाठी त्या औषधावर २००६ मध्ये बंदी आली.

टांगे गेले, पण घोडा गेला नाही. तो आता वरातीत दिसतो. लग्नसराईत डांबरी रस्त्यावर तासन् तास उभा, कौतुकाने दिलेला गूळ आणि मिठाई खाणारा, आणि उरलेले महिने दावणीला बांधलेला. इन्सुलिन चढायला याहून सोयीचे आयुष्य सापडणार नाही.

असा घोडा जवळपास असेल तर मालकाच्या परवानगीने विद्यार्थ्यांना त्याचा पुढचा खूर बाजूने पाहायला सांगावे. मागे उभे राहू देऊ नये. खूर वरून खाली महिन्याला साधारण आठ ते दहा मिलिमीटर वाढतो, म्हणजे टोकाशी पोचलेले शिंग जवळपास वर्षभराचे जुने असते. त्यावर आडव्या रेघा दिसतील. त्या सर्वत्र समांतर असतील तर ऋतू किंवा चारा बदलल्याच्या खुणा समजाव्यात. पुढे जवळजवळ आणि टाचेकडे फाकत गेलेल्या असतील, तर गेल्या वर्षात केव्हा तरी आतले पापुद्रे दुखावले असावेत. केसांच्या कडेपासून रेघेपर्यंतचे अंतर मोजून महिना काढता येतो. मग त्या महिन्यात घोड्याने काय खाल्ले होते, ते मालकाला विचारावे.