न दिसणारें चुंबकत्व

लोहचुंबक म्हटला कीं टांचणी ओढून घेणारा पदार्थ वाचकांच्या डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु अंगीं चुंबकत्व भरलेलें असूनहि जो एक टांचणीदेखील ओढीत नाहीं, अशा पदार्थाची हकीकत आम्हांस येथें सांगावयाची आहे.

१९३२ ते १९३६ या काळांत लुई नेएल ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें असें प्रतिपादन केलें कीं, कांहीं पदार्थांत अणू हे चिमुकले चुंबकच असतात. मात्र एकाचें तोंड उत्तरेस तर शेजाऱ्याचें दक्षिणेस असल्यामुळें एकाचें बळ दुसरा खाऊन टाकतो, व बाहेर बेरीज शून्य येते. युक्तिवाद सुबक खरा. पण हें शून्य रिकामें नव्हे, हें दाखवावयाचें कसें? क्ष-किरणांनीं अणूंच्या जागा कळत, त्यांच्या तोंडाची दिशा कळत नसे.

योगायोग असा कीं त्याच १९३२ सालीं केंब्रिज येथें जेम्स चॅडविक यांनीं न्यूट्रॉन शोधून काढला. विद्युद्भार नसतांहि हा कण स्वतः एक सूक्ष्म चुंबक असतो, त्यामुळें अणूंच्या चुंबकत्वाची खूण तो आणूं शकेल, हें फेलिक्स ब्लॉक यांनीं १९३६ सालींच सुचविलें. पण न्यूट्रॉनांचा पुरेसा झोत मिळाला तो अणुभट्टींतून; आणि ओक रिज येथील ती भट्टी युद्धकाळांत बाँबच्या तयारीसाठीं उभारलेली होती, हें विसरून चालणार नाहीं. १९४९ सालीं क्लिफर्ड शल व सॅम्युएल स्मार्ट यांनीं मँगनीज ऑक्साइडची भुकटी शून्याखालीं सुमारें १९३ अंशांपर्यंत थंड करून तिच्यावर न्यूट्रॉन सोडले. आलेखांत नवीं शिखरें उमटलीं. क्ष-किरणांनीं अणूंची जी पुनरावृत्ति दाखविली होती, तिच्या दुप्पट अंतराचीं तीं होतीं. जणू एकाआड एक खोलींत तेंच बिऱ्हाड! नेएल यांचें म्हणणें खरें ठरलें.

नेएल यांस नोबेल पारितोषिक १९७० सालीं मिळालें, शल यांस १९९४ सालीं. ओक रिज येथें हें काम ज्यांनीं आरंभिलें ते अर्नेस्ट वोलन १९८४ मध्येंच वारले होते. पंचेचाळीस वर्षें थांबणाऱ्या न्यायास न्याय म्हणावें कीं काय, असा प्रश्न आम्हांस पडतो.

मौज अशी कीं, हे पदार्थ तात्त्विक दृष्ट्या मनोरंजक असले तरी उपयोगाचे दिसत नाहींत, असें नेएल यांनींच नोबेल व्याख्यानांत म्हटलें होतें. १९८६ सालीं जर्मनींत पेटर ग्रुनबर्ग यांस आढळलें कीं, क्रोमियमच्या अतिपातळ पडद्याच्या दोन बाजूंस असलेले लोखंडाचे थर तसेच एकमेकांविरुद्ध तोंड करून बसतात. दोन वर्षांनीं आल्बेर फेर यांच्या मंडळींनीं असे कित्येक थर एकावर एक रचले. पडदा एक नॅनोमीटरहूनहि, म्हणजे मिलिमीटरच्या दशलक्षाव्या भागाहूनहि, पातळ होता. बाहेरून चुंबकी बळ लावून सर्व तोंडें एका दिशेस वळवितांच, अतिशीत स्थितींत विजेचा विरोध जवळजवळ निम्म्यावर आला. पुढें संगणकांच्या तबकड्या वाचणाऱ्या शीर्षांत शेजारच्या थराची दिशा जखडून ठेवण्याचें काम नेएल यांच्या त्या ‘निरुपयोगी’ पदार्थाकडेच आलें.

अशा थरांत द्रव्य इतकें थोडें असतें कीं भुकटीची जुनी रीत तेथें लागू पडत नाहीं. म्हणून न्यूट्रॉन पृष्ठभागास जवळजवळ समांतर सोडून त्यांचें परावर्तन मोजतात. त्यावरून कोणत्या खोलीवर किती चुंबकत्व आहे तें कळतें. क्ष-किरणहि मागें राहिले नाहींत. १९७२ सालीं ग्रनोबल येथें द बेर्जव्हँ व ब्रुनेल यांनीं निकेल ऑक्साइडमधील चुंबकत्वाची अत्यंत क्षीण खूण त्यांच्याच साह्यानें पकडली. आणि १९८७ सालीं गिझेला श्युट्झ यांनीं वर्तुळध्रुवित क्ष-किरण लोखंडांत कसे शोषले जातात तें मोजलें, तेव्हांपासून मिश्र थरांतील चुंबकत्वांत लोखंडाचा वांटा किती व कोबाल्टचा किती, हें वेगळें सांगतां येऊं लागलें. न्यूट्रॉन-परावर्तनाचें असें यंत्र आपल्या मुंबईंत, तुर्भे येथील ‘ध्रुव’ भट्टीपाशींहि बसविलेलें आहे.