पाच दिवसांचे उपचार

अमेरिकेतील ओहायो राज्यात अ‍ॅक्रन हे टायरच्या कारखान्यांसाठी नावाजलेले शहर आहे. तेथील सेंट थॉमस रुग्णालयात १६ ऑगस्ट १९३९ रोजी एका मद्यपीला दाखल करून घेण्यात आले. नोंदवहीत मात्र आजार लिहिला गेला तो 'जठराचा तीव्र दाह'. मद्यपीला रुग्णालये सहसा दारात उभे करीत नसत, असा तो काळ होता.

ही नोंद करणाऱ्या सिस्टर इग्नेशिया गॅव्हिन ह्यांचा जन्म १८८९ साली आयर्लंडमध्ये झाला. त्या पूर्वी संगीत शिकवीत. प्रकृती ढासळल्यावर त्यांना रुग्णालयात प्रवेशनोंदणीचे काम मिळाले. त्यांना गळ घातली डॉ. रॉबर्ट स्मिथ ह्यांनी. स्वतः व्यसनातून सुटलेल्या ह्या डॉक्टरांनी १९३५ साली बिल विल्सन ह्यांच्यासह 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही चळवळ सुरू केली होती. भेटीस येणाऱ्या सोबत्यांना रुग्णाशी एकांतात बोलता यावे म्हणून सिस्टरांनी त्याचा पलंग फुले रचण्याच्या खोलीत हलविला.

पुढे तेथे पाच दिवसांचा क्रम ठरला. पहिला दिवस स्वागताचा, दुसरा जाणिवेचा, तिसरा आत्मपरीक्षणाचा, चौथा निश्चयाचा आणि पाचवा पुढील आयुष्याच्या आखणीचा. प्रायश्चित्त संस्काराशी परिचित असलेल्या आपणांस ही वाट अनोळखी वाटू नये. निरोप घेणाऱ्यास सिस्टर येशूच्या पवित्र हृदयाचे चिन्ह देत आणि पुन्हा प्याला उचलण्यापूर्वी ते परत आणून देण्याचे वचन घेत. १९५० साली डॉ. स्मिथ निवर्तले, तोवर सुमारे ५,००० रुग्णांवर उपचार झाले होते.

पाच दिवसांत शरीरातील विष उतरते, मनातील ओढ उतरत नाही. हे सिस्टर जाणून होत्या. म्हणूनच आधी बरे झालेले सोबती रुग्णाच्या उशाशी बसत आणि घरी गेल्यावरही त्याची साथ सोडीत नसत. मुक्काम अल्प, सोबत दीर्घ, असे त्या उपचाराचे स्वरूप होते.

१९४९ साली मिनेसोटा राज्यात हेझल्डन हे निवासी केंद्र उघडले आणि कालांतराने २८ दिवसांची पद्धत रूढ झाली. मद्यासक्त धर्मगुरूंसाठी आश्रयस्थान असावे, ह्या विचारातून त्या केंद्राची कल्पना निघाली, हे आम्ही धर्मगुरूंनी विसरू नये. आपल्याकडे १९८१ साली वांद्रे येथे फादर जो परेरा ह्यांनी 'कृपा फाउंडेशन' सुरू केले. गर्दच्या व्यसनाने तरुण पोखरले जात असताना १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचट ह्यांनी 'मुक्तांगण' उभारले. तेथील उपचार ३५ दिवसांचे.

आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबेही व्यसनाला दुसरेच नाव देतात. 'पोटाचा त्रास आहे', 'कामाचा ताण आहे' असे सांगून वर्षे लोटतात. अ‍ॅक्रनमध्ये खोट्या नावाने उपचाराचे दार उघडले. आपल्या घरी तेच खोटे नाव ते दार बंद ठेवते. आणि केंद्रातून परतलेल्या माणसापुढे सणाला, लग्नाला पुन्हा प्याला कोण धरतो? आपणच ना? त्याच्या सहाव्या दिवसापासूनची जबाबदारी आपल्या सर्वांची आहे.